बरणीतील फायटर मासा

मालवणच्या किनाऱ्यावर मासा ही नवलाची वस्तू नव्हे. ज्या गावात रापणीचे दोर ओढावयास शाळेच्या मुलांचेही हात लागतात, ज्या घरांत बांगडा, पेडवे, सुरमई ह्यांच्या भावावरून दिवसाची बोलणी सुरू होतात, त्या घरांत मासा म्हटला म्हणजे जेवणाचे ताटच डोळ्यांपुढे यावयाचे. असे असता गेल्या काही वर्षांत आमच्या विद्यार्थ्यांच्या घरी माशाने एक निराळी जागा मिळविली आहे. दूरदर्शन संचाच्या शेजारी, पुस्तकांच्या फळीवर, क्वचित स्वयंपाकघराच्या खिडकीत एक लहानशी काचेची बरणी ठेवलेली असते. तिच्या तळाशी मूठभर रंगीत खडे असतात, आणि त्या खड्यांच्या वर आपली लांब, झिरझिरीत शेपटी पसरून निळा, तांबडा किंवा जांभळा असा एकच मासा तरंगत असतो. दुकानदार त्यास 'फायटर' म्हणतो व मुलेही 'फायटर'च म्हणतात. शास्त्रीय ग्रंथांत त्याचे नाव बेट्टा स्प्लेंडेन्स असे आहे. वाढदिवसाची भेट म्हणून, परीक्षेत चांगले गुण मिळाल्याचे बक्षीस म्हणून, किंवा हट्ट पुरविण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणून हा मासा घरात येतो. त्याच्याबरोबर बरणीही येते. बहुतेक घरांत तो मासा त्या बरणीतच आपले उरलेले आयुष्य काढतो, आणि ते किती थोडे असते हे ज्यांच्या घरी हा प्रसंग घडला आहे त्यांस सांगावयास नको.

ती बरणी त्या माशास पुरत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. हे मत ऐकून काही पालक हसतील, हेही आम्ही जाणतो. "एवढासा तर मासा, त्यास जागा ती किती लागणार?" असा प्रश्न आम्हांस पालकसभेच्या दिवशी प्रत्यक्ष विचारण्यात आला होता. प्रश्न विचारणारे गृहस्थ समंजस होते आणि त्यांच्या प्रश्नात कुत्सितपणा मुळीच नव्हता. म्हणूनच त्याचे उत्तर दोन वाक्यांत न उरकता येथे सविस्तर द्यावे असे आम्हांस वाटले.

हा मासा मूळचा सयामचा, म्हणजे आजच्या थायलंड देशाचा. तेथील लोकांनी त्यास पाळावयास सुरुवात करून निदान एक हजार वर्षे झाली असावीत असे त्याच्या वंशद्रव्याच्या अभ्यासावरून दिसते. दोन नर समोरासमोर आणून त्यांची झुंज लावावयाची व तिच्यावर पैज मारावयाची, हा त्या पाळण्याचा मूळ हेतू होता; फायटर हे नाव त्यावरूनच आले. लांब शेपट्या व भडक रंग ही मागाहून माणसाने निवड करकरून आणलेली शोभा आहे. रानातला मासा आखूड परांचा, मळकट तपकिरी व हिरवट असतो. इंग्लंडातील मत्स्यशास्त्रज्ञ चार्ल्स टेट रीगन ह्यांनी १९१० साली त्यास आजचे शास्त्रीय नाव दिले, आणि २०१९ साली थायलंडने त्यास आपला राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिला. ज्या प्राण्यास एक राष्ट्र आपले चिन्ह मानते, तो आपल्याकडे लोणच्याच्या बरणीएवढ्या जागेत राहतो, ही गोष्ट क्षणभर विचार करण्याजोगी आहे.

तो राहतो कोठे, हे समजावयास आपल्या मुलांस सयामला जाण्याची गरज नाही. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला म्हणजे आपले व्हाळ लाल पाण्याने भरून वाहू लागतात, भाताचे कुणगे तुडुंब होतात, मेरांवरून पाणी एका कुणग्यातून दुसऱ्यात उतरते, आणि त्या पाण्याबरोबर चढणीचे मासे शेतांत शिरतात. ते पकडावयास रात्री बत्त्या घेऊन कोण कोण जातात, त्यांची नावे आम्ही येथे देत नाही. त्यांतील काही आमच्याच वर्गातली आहेत. अशीच उथळ, संथ, गवताने व पाणवनस्पतींनी भरलेली भातशेते, दलदली व पाणथळी हे फायटरचे घर होय. पाणी ढोपरभर असते, परंतु ते दूरवर पसरलेले असते. त्यात लपावयास मुळे असतात, विसावावयास पाने असतात, खावयास डासांच्या अळ्या व बारीक किडे असतात, आणि दुसरा नर अंगावर आला तर पळून जावयास वाट असते.

येथे आमच्या विरुद्ध बाजूचे लोक आपला सर्वांत आवडता मुद्दा पुढे करतात. ते म्हणतात की, उन्हाळ्यात ही शेते आटतात, तेव्हा हा मासा गुराच्या खुराएवढ्या डबक्यातही जिवंत राहतो. मग बरणीने काय बिघडले? दुष्काळात माणसेही झाडपाला खाऊन दिवस काढतात. परंतु म्हणून कोणी आपल्या मुलाच्या डब्यात रोज झाडपाला भरून देत नाही. संकटात तग धरण्याची शक्ती एखाद्या प्राण्यास देवाने दिली असेल, तर ती संकटासाठी आहे. डबके आटून गेले तर मासा मरतो, आणि पाऊस आला तर सुटतो. बरणीत पाऊस कधी येत नाही.

दुसरा मुद्दा ह्याहून शास्त्रीय दिसतो, म्हणून तो अधिक फसवा आहे. हा मासा हवेतून श्वास घेतो, हे खरे. त्याच्या कल्ल्यांच्या वर एक घड्याघड्यांची पोकळी असते. तिच्यात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असून रचना भूलभुलैयासारखी गुंतागुंतीची असते. मासा पाण्याच्या पृष्ठभागाशी येतो, तोंडाने हवेचा घोट घेतो, आणि त्या पोकळीत त्यातील प्राणवायू रक्तात मिसळतो. आपल्याकडील मरळ माशासही हवेत श्वास घेण्याची अशीच सोय आहे. म्हणूनच तो बाजारात कितीतरी वेळ टोपलीत वळवळत राहतो. ह्या सोयीमुळे फायटर थोड्या व कोंडलेल्या पाण्यात गुदमरून मरत नाही, आणि दुकानदार म्हणतो, "पंप नको, मोठी टाकी नको, काही नको."

परंतु प्राणी नुसता श्वास घेत नाही; तो उत्सर्गही करतो. माशाच्या शरीरातील टाकाऊ नत्र मुख्यत्वे अमोनियाच्या रूपाने त्याच्या कल्ल्यांतून पाण्यात जातो. विष्ठा व न खाल्लेले अन्न कुजूनही अमोनियाच होतो. हा अमोनिया माशास विषारी आहे. त्याने कल्ले पोळतात, अंगावरील बुळबुळीत संरक्षक थर बिघडतो, परांच्या कडा झडू लागतात. हवेतून घेतलेल्या प्राणवायूने ह्या विषावर काडीचाही उतारा पडत नाही. नदीत, तळ्यात, भातशेतात ह्या विषाची विल्हेवाट लावणारे सूक्ष्म जंतू असतात. काही जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जंतू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, ते पुष्कळच सौम्य असून वनस्पतींचे खत होते. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की ह्यांनी १८९० च्या सुमारास हे जंतू निराळे काढून दाखविले. आपल्या शेतातील खत पिकाच्या उपयोगी पडते ते ह्याच जंतूंच्या कृपेने. हे जंतू पाण्यात मोकळे फारसे हिंडत नाहीत. वाळूवर, दगडावर, पानावर, गाळणीच्या काथ्यात ते चिकटून वाढतात, आणि त्यांची वस्ती पुरती बसावयास कित्येक आठवडे लागतात.

आता रविवारी सकाळी आपल्या घरी काय घडते ते पाहा. पाणी गढूळ झाले म्हणून मासा पेल्यात काढतात, बरणी साबणाने लख्ख घासतात, खडे कढत पाण्याने धुतात, आणि नळाचे ताजे पाणी भरून माशास पुन्हा आत सोडतात. ह्या एका स्वच्छतेने सहा दिवसांत जी थोडीबहुत जंतूंची वस्ती बसली असेल ती नाहीशी होते. साबणाचा अंश राहिला तर तो निराळा घात करतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माणसास रोगापासून वाचवितो, परंतु माशाच्या कल्ल्यांस तो घातकच. शिवाय पाण्याची उष्णता एकदम पालटते. मुलास वाटते, आपण आपल्या माशाची किती काळजी घेतो! आणि काळजी तो खरोखर घेतोच. फक्त तिचा उपयोग होत नाही, कारण बरणीच इतकी लहान आहे की ती न धुवावी तर विष साचते आणि धुवावी तर औषध निघून जाते.

आठवीच्या मुलांस वृत्तचितीचे घनफळ शिकविताना आम्ही हेच उदाहरण घालतो. बरणीचा व्यास १२ सेंटिमीटर व पाण्याची उंची १२ सेंटिमीटर धरली, तर पाणी सुमारे १३५६ घन सेंटिमीटर, म्हणजे सव्वा लिटरहून किंचित अधिक भरते. खड्यांनी अडविलेली जागा त्यातून वजा करावयाची ती निराळीच. उलट ४० सेंटिमीटर लांब व २५ सेंटिमीटर रुंद अशा साध्या काचेच्या पेटीत २० सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी भरले तर ते बरोबर २० लिटर होते. मासा तोच, त्याचे खाणे तेच, त्याचा मळ तोच. परंतु दुसऱ्या ठिकाणी तो जवळजवळ पंधरापट पाण्यात पसरतो. हे गणित सोडविताना मुलांचा जो चेहरा होतो तो पाठ्यपुस्तकातील पाण्याच्या हौदाचे गणित सोडविताना आम्ही कधी पाहिला नाही.

घनफळाइतकेच क्षेत्रफळही पाहावयाचे असते, आणि ह्या माशाच्या बाबतीत तर अधिकच. बरणीचा तळ ११३ चौरस सेंटिमीटर, पेटीचा १००० चौरस सेंटिमीटर. शेपटीसह सहा-सात सेंटिमीटर लांबीच्या माशास बारा सेंटिमीटरांच्या वर्तुळात सरळ पोहताच येत नाही. दोन वल्ही मारली की काच आडवी येते आणि त्यास वळावे लागते. काही लोक उंच व अरुंद नळकांडी शोभेसाठी घेतात. तीत पाणी पुष्कळ मावत असले तरी ती आम्हांस पसंत नाही. हा उथळ पाण्याचा जीव आहे, त्यास दर थोड्या वेळाने हवेसाठी वर यावे लागते, आणि लांब शेपटीचे ओझे घेऊन पुन्हा पुन्हा उंच चढणे त्यास जड जाते. लांब, रुंद व उथळ, हे ह्या माशाच्या घराचे माप होय. किती लिटर हवेत, ह्याविषयी जाणत्यांत थोडा मतभेद आहे. कोणी दहा लिटर किमान मानतात, कोणी वीस. आम्ही स्वतः वीसच्या बाजूचे आहोत. परंतु सव्वा लिटर पुरे, असे म्हणणारा जाणता आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे. अमेरिकेतील अभ्यासकांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात हेच मासे लहान-मोठ्या भांड्यांत ठेवून त्यांचे वागणे टिपले आहे. मोठ्या जागेत ते अधिक पोहतात असे त्यांस आढळले. म्हणजे बरणीतला मासा जो तासन् तास निश्चल असतो, तो स्वभावाने आळशी आहे म्हणून नव्हे.

उष्णतेची गोष्टही मापाशीच येऊन मिळते. ह्या माशास सुमारे चोवीस ते अठ्ठावीस अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. आपल्या किनाऱ्याची हवा बहुतेक वर्षभर त्याच्या सोयीची आहे, ही समाधानाची बाब. परंतु पौष महिन्याच्या पहाटे गारठा पडतो, आणि चैत्र-वैशाखात खिडकीतले ऊन बरणीवर आले तर तासाभरात पाणी कोमट होते. थोडे पाणी लवकर तापते व लवकर निवते. मोठ्या भांड्यातील पाणी सावकाश बदलते. चहाचा पेला व चहाचे पातेले ह्यांतील फरक कोणत्याही गृहिणीस शिकविण्याची जरुरी नाही.

मुले आम्हांस एक गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगतात. "गुरुजी, आमचा फायटर आनंदी आहे, त्याने फेसाचे घर बांधले आहे." हे फेसाचे घरटे खरोखर पाहण्याजोगे असते. नर आपल्या तोंडातील चिकट द्रवात हवा मिसळून बुडबुडे करतो, ते पृष्ठभागावर एकत्र रचतो. मादीने अंडी घातली म्हणजे ती तोंडाने उचलून ह्या फेसात ठेवतो, खाली पडलेले अंडे पुन्हा वर नेऊन ठेवतो, आणि पिले पोहू लागेपर्यंत पहारा करतो. इतका कर्तव्यदक्ष पिता प्राणिसृष्टीत फार थोडा आढळेल! परंतु घरटे बांधणे ही त्याची उपजत प्रेरणा आहे. तो वाईट जागेतही ते बांधतो. तुरुंगातील कैद्याने भिंतीवर चित्र काढले म्हणून त्यास तुरुंग आवडतो असे आपण म्हणत नाही.

त्याचप्रमाणे काचेसमोर आरसा धरून त्यास फुगविण्याचा जो खेळ चालतो, किंवा दोन बरण्या शेजारी ठेवून दोन नरांस दिवसभर एकमेकांवर गुरकावयास लावतात, तो खेळ बंद करावा. हे मासे एकत्र ठेवू नयेत, एकमेकांस ठार करतील, हे बरोबर. पण एकटे ठेवणे व कोंडून ठेवणे ह्यांत अंतर आहे. शत्रू दिसतो आहे, त्याच्यावर धावता येत नाही, आणि त्याच्या दृष्टीआड होताही येत नाही, अशा स्थितीत दिवसचे दिवस राहणे कोणास सुखाचे होईल?

आता आमच्या किनाऱ्यावरचा खास प्रश्न. तो मुलांपेक्षा आजोबा विचारतात. "मास्तर, आम्ही रोज बांगडे खाणारी माणसे. आमच्यापुढे माशाची दया कसली सांगता?" ह्या प्रश्नात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. आम्हीही मासे खातो, आणि तिसऱ्यांच्या सुक्यापुढे आमचे सर्व तत्त्वज्ञान लटके पडते हे आमचे मित्र जाणतात. परंतु खाण्यासाठी मारणे व करमणुकीसाठी महिनेच्या महिने हाल करणे ह्या दोन गोष्टी एकाच तराजूत घालता येत नाहीत. आपण कोंबडी खातो. म्हणून कोंबडीस वर्षभर हंडीत कोंडून ठेवणाऱ्या माणसास आपण भला म्हणतो काय? आपल्या किनाऱ्यावरील मासेमाराचे आणि समुद्राचे नाते जुने आहे. पावसाळ्यात मासेमारी बंद ठेवावी, समुद्रास विसावा द्यावा, नारळी पौर्णिमेस नारळ अर्पण करून मग होडी लोटावी, ही रीत त्यानेच पाळली. ज्याच्यापासून आपण घेतो त्याचे आपण काही लागतो, ही समजूत त्या रीतीच्या मुळाशी आहे. बरणीतल्या माशापासून आपण पोट भरीत नाही, केवळ डोळे निववितो. तेव्हा त्याचे देणे कमी नसून अधिक आहे.

माशास दुःख कळते काय, असेही विचारले जाते. स्कॉटलंडमध्ये लिन स्नेडन व त्यांचे सहकारी ह्यांनी २००३ साली ट्राउट माशाच्या डोक्यावर इजा ओळखणाऱ्या मज्जातंतूंची अग्रे असल्याचे दाखवून दिले, आणि ओठास इजा झालेला मासा खाणे टाकतो, तळाच्या खड्यांवर ओठ घासतो, असेही नोंदविले. त्यास होते ते आपल्या दुःखासारखेच असते किंवा कसे, हा वाद शास्त्रज्ञांत चालू आहे. वाद मिटेपर्यंत आपण कोणत्या बाजूला चूक केलेली बरी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

कायद्याचे म्हणाल तर तो ह्या बाबतीत आपल्या समजुतीपेक्षा पुढे आहे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमात मनुष्येतर प्रत्येक सजीव प्राण्याचा समावेश होतो, आणि ज्या पिंजऱ्यात किंवा भांड्यात प्राण्यास हालचालीस पुरेशी लांबी, रुंदी व उंची मिळत नाही, त्यात त्यास कोंडणे हा त्या कायद्याने अपराध ठरविला आहे. पिंजरा म्हणून कायदा थांबला नाही, भांडे असेही त्याने म्हटले आहे. १९७६ साली आपल्या संविधानात नागरिकांची जी मूलभूत कर्तव्ये घातली गेली, त्यांतही सजीव प्राण्यांविषयी दया बाळगणे हे एक आहे. नागरिकशास्त्राच्या पेपरात हे कर्तव्य लिहून गुण मिळविणारा मुलगा घरी जाऊन बरणी खिडकीत ठेवतो. इटलीत रोम शहराच्या नगरपालिकेने तर २००५ साली गोल काचपात्रात मासे ठेवण्यास मनाईच केली.

आणि गंमत अशी की, घरात काचेच्या टाकीत मासे ठेवण्याची आधुनिक विद्या ज्याने घालून दिली, त्याने मुळातच बरणी घेतली नव्हती. रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली आपला प्रयोग प्रसिद्ध केला. सुमारे बारा गॅलनच्या, म्हणजे पन्नास लिटरांहून मोठ्या काचपात्रात त्याने केवळ दोन सोनेरी मासे सोडले, आणि त्यांच्याबरोबर वॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती लावली. वनस्पतीची पाने कुजून पाणी बिघडू लागले, तेव्हा ती खावयास त्याने गोगलगाई आणल्या, आणि मग ते लहानसे जग चालू लागले. फिलिप हेन्री गॉस ह्या धर्मनिष्ठ निसर्गशास्त्रज्ञाने १८५४ साली आपल्या ग्रंथाने अशा पात्रास 'अॅक्वेरियम' हे नाव रूढ केले. आपल्याकडे मुंबईस चौपाटीजवळ तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले. आमच्या पिढीतील पुष्कळांनी शाळेच्या सहलीत तेथेच प्रथम काचेपलीकडचा मासा पाहिला. ती विद्या टाकीची होती. बरणी ही दुकानाच्या सोयीची वस्तू आहे: मासा विकेपर्यंत दोन-चार दिवस ठेवण्यापुरती. ती घरी कायमची येऊन बसली, एवढेच.

पालकांच्या खर्चाचा विचार आम्ही केलेला नाही असे कोणी समजू नये. मासा स्वस्त व त्याचे घर महाग, हा हिशेब अनेकांस खटकतो. म्हैस घेताना गोठ्याचा खर्च कोणास खटकत नाही, असो. वीस लिटरांची साधी पेटी, एक लहानसे काथ्याचे किंवा स्पंजाचे गाळण आणि थोडी नदीची धुतलेली वाळू एवढ्यावर काम भागते. रंगीत दिवे, प्लॅस्टिकचे वाडे व पाणबुडे ह्यांची त्या माशास गरज नाही. त्याहून स्वस्त उपाय आपल्या परसात आहे. विहिरीजवळ जुनी दगडी डोण पुष्कळ घरांत निकामी पडून असते. ती घासून, साबण न लावता धुवावी, सावलीत ठेवावी, चार पाणवनस्पती लावाव्यात, आणि वर बारीक जाळी बांधावी. जाळी अवश्य हवी: हा मासा उडी मारतो, आणि खंड्या व मांजर हे दोघेही आपल्या परसातले जुने रहिवासी आहेत. त्या डोणीत डासांची एकही अळी उरणार नाही. आरोग्य खात्याचे लोक विहिरींत गप्पी मासे सोडतात ते ज्या कामासाठी, तेच काम हा आपल्या पोटासाठी करील. सिमेंटची नवी कुंडी मात्र एकदम वापरू नये; ती पाणी बदलून बदलून कित्येक दिवस मुरवावी, नाही तर तिच्यातील चुना माशास बाधतो.

पाण्याविषयी आपल्या किनाऱ्यावर एकच नियम सांगता येत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्यावर चोहोबाजूंस खारा समुद्र असून दूधबाव, दहीबाव, साखरबाव ह्या विहिरींचे पाणी गोड. आणि खाडीकाठच्या कित्येक विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. गोडे पाणी असलेल्या विहिरीचे पाणी उत्तम. नळाचे असेल तर चोवीस तास उघड्या, पसरट भांड्यात ठेवून मग घ्यावे. आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी काढून तितकेच नवे घालावे. सगळे पाणी कधीही बदलू नये. गाळण टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळून धुवावे. भात, पोळी, बिस्किटाचा चुरा घालू नये. बाजारी दाणे सकाळी दोन-तीन व संध्याकाळी दोन-तीन पुरे होतात, कारण ह्या माशाचे पोट त्याच्या डोळ्याहून फारसे मोठे नसते. एवढे केले तर हा मासा तीन वर्षे, क्वचित अधिकही, सुखाने जगतो.

एक ताकीद मात्र कडक शब्दांत द्यावयास हवी. कंटाळा आला, किंवा दया आली, म्हणून हा मासा धामापूरच्या तळ्यात, व्हाळात किंवा गावच्या विहिरीत सोडू नये. धामापूरचे तळे १५३० सालचे आहे, आणि त्यातील जीव आपापले हिशेब जुळवून तेथे नांदत आहेत. परका मासा कोठे किती माजेल हे आधी सांगता येत नाही. तिलापिया, ज्यास आपण चिलापी म्हणतो, हिंदुस्थानात १९५२ साली आणला गेला. आज तो किती जलाशयांत घुसून बसला आहे हे देशावरच्या कोणत्याही मासेमारास विचारावे.

ज्यांच्या घरी बरणी आहे व पेटी घेण्याची सोय नाही, अशा विद्यार्थ्यांसाठी आमच्या विज्ञान प्रयोगशाळेत साठ लिटरांची एक जुनी टाकी काचेचे पडदे घालून तीन खणांची करण्यात येत आहे. पडद्यांस हिरवी जाळी लावलेली असेल, म्हणजे शेजारचे नर एकमेकांस दिसणार नाहीत. मासा ज्याचा त्याचाच राहील. दाणे घालण्याची पाळी व शनिवारी पाणी बदलण्याचे काम त्यानेच करावयाचे, आणि उष्णतामापकाचा आकडा फळ्याशेजारच्या वहीत लिहावयाचा. मे महिन्याच्या सुट्टीत टाकी बंद राहणार नाही. जी मुले मुंबईस किंवा आजोळी जातील त्यांनी आपल्या बदल्यात गावात राहणाऱ्या एका मित्राचे नाव सुट्टीपूर्वी वर्गशिक्षकांकडे द्यावे. खण तीनच असल्यामुळे प्रथम येईल त्यास प्रथम जागा मिळेल, आणि बरणी सर्वांत लहान ज्याची असेल त्याचा विचार त्याहूनही आधी होईल.